रिकामं वचन

टेबलाभोवती सहा खुर्च्या होत्या. वहिनी या घरात आल्यापासून आज पहिल्यांदाच सहाही भरणार होत्या. ही आनंदाची गोष्ट आहे, असं ती दुपारपासून स्वतःला सांगत होती.

धाकट्या नणंदेला परत येऊन तिसरा दिवस होता. पहिल्या दोन्ही संध्याकाळी ती प्रवासाच्या झोपेत होती, त्यामुळे प्रार्थनेला तिची खुर्ची नेहमीसारखी रिकामीच राहिली. आज मात्र ती उठली होती. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. वहिनीने टेबल पुसलं, प्रत्येकासमोर बायबल ठेवलं आणि पहिल्या खुर्चीपाशी येऊन थांबली.

ही खुर्ची सासऱ्यांची. वहिनीने त्यांना पाहिलेलं नव्हतं. धाकटी मिशनच्या कामासाठी परदेशी गेली, त्याच्या पुढच्याच वर्षी ते वारले. वहिनीचं लग्न त्यानंतरचं. नव्या माणसाने शेवटी बसायचं, असा त्यांनीच घालून दिलेला नियम नवऱ्याने तिला लग्नाआधीच सांगून ठेवला होता. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या संध्याकाळी ती शेवटच्या खुर्चीकडे निघाली, तर सासूबाईंनी तिचा हात धरून तिला इथे बसवलं होतं. "घरात एक रिकामी खुर्ची पुरे," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. तेव्हापासून रोजच्या स्तोत्रातलं पहिलं वचन वहिनी वाचत आली होती.

आता त्या खुर्चीवर खरा हक्क सांगू शकेल असं माणूस आत केस पुसत होतं.

वहिनीने सासऱ्यांच्या जागेवरचं आपलं पुस्तक उचलून शेवटच्या खुर्चीसमोर ठेवलं. तिथलं आपल्या लेकीचं, ठमीचं पुस्तक कुठे ठेवावं ते तिला सुचेना. मग दोन्ही पुस्तकं हातात घेऊन ती उभी राहिली.

"काय गं, खुर्च्यांची सोडत काढतेस?" सासूबाई दारातून म्हणाल्या. गुडघ्यावर हात दाबत त्या सावकाश टेबलापाशी आल्या.

"आई, आज वन्सं आहेत. त्यांना कसं वाटेल?"

"तिला काय वाटायचं?"

"मी बाबांच्या जागेवर बसलेली."

"तू दिवसभर लोकांना काय सांगतेस दवाखान्यात? त्या तुझ्या एक्स-रेच्या मशीनपुढे उभं करून?"

"श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका."

"मग हलू नकोस," आई म्हणाल्या आणि आपल्या खुर्चीत टेकल्या.

वहिनी हसली, पण पुस्तक ठेवताना तिचा हात जरा थांबला. सकाळी नवरा तिला म्हणाला होता, की आज प्रार्थना झाली की तो विषय काढणार. उद्या सकाळी मिशनच्या ऑफिसातून फोन येणार होता. पुढची मुदत घ्यायची की कायमचं परत यायचं, याचं उत्तर धाकटीला तेव्हा द्यायचं होतं. "मामा माझ्या बाजूने आहेत, आई पण आहे," तो म्हणाला होता. "तूही जरा बोल. तू बोललीस तर तिला बरं वाटेल."

वहिनी बरं म्हणाली होती. धाकटी राहिली तर आपल्याला बरं वाटेल का, या प्रश्नाचं उत्तर मात्र तिने स्वतःलाही दिलं नव्हतं.

*

वहिनीचा नवरा, धाकटीचा दादा, दुकानादुकानांतले वजनकाटे तपासून दुरुस्त करायचा. सोनाराच्या नाजूक काट्यापासून गोदामातल्या भल्यामोठ्या काट्यापर्यंत सगळे त्याच्या हाताखालून जायचे. काटा खोटा असेल तर तो कुठल्या बाजूने खोटा आहे हे शोधण्यात त्याला खरा रस होता. माणसांच्या बाबतीतही तो तेच करतो, अशी मामांची तक्रार होती.

घरातली प्रार्थनेची पद्धत बाबांची. रोज संध्याकाळी ओळीने एक स्तोत्र, खुर्च्यांच्या क्रमाने प्रत्येकी एक वचन, फेरी संपली की पुन्हा पहिल्यापासून. घरचं कोणी बाहेरगावी असेल तर त्याचं वचन कोणी वाचायचं नाही. तेवढा वेळ सगळ्यांनी गप्प बसायचं, कारण ते माणूस जिथे असेल तिथे त्याच वेळी आपलं वचन वाचत असतं. दादा शिकायला वसतिगृहात राहिला तेव्हा हे सुरू झालं. त्याने तिथे एकदाही वाचलं नव्हतं. बाबांना ते ठाऊक असावं. त्यांनी कधी विचारलं नाही आणि त्याचं वचन कधी भरलंही नाही.

धाकटी गेल्यापासून पाचवं वचन रिकामं असायचं. ते रिकामं वचन दादाला फार लांबायचं. तो घाईघाईने दोन श्वास घ्यायचा आणि ठमीला खूण करायचा. आईची रोजची तक्रार होती, "अरे, तिकडे तिला श्वास तरी घेऊ दे."

धाकटी आली. खांद्यावर ओला टॉवेल, केस मोकळे, अंगावर आईचा जुना गाऊन. ती आपल्या खुर्चीशी गेली, पाठीवरून हात फिरवला आणि बसता बसता समोर वहिनीला पाहून क्षणभर थांबली. दादाने ते टिपलं. वहिनीनेही.

"वन्सं, तुम्ही बसता का इथे?" वहिनी अर्धवट उठली.

"छे, माझी ही आहे ना. बसा हो."

"कंडक्टर असताना मी कुणाला रिझर्व्ह सीटवरून उठवलं नाही," मामा खुर्ची फरफटत ओढत म्हणाले. "आज घरात नको. चला, डबल बेल!"

वहिनीने पहिलं वचन वाचलं. तिचा आवाज आज नेहमीपेक्षा बारीक होता. धाकटीने झटकन मान वर केली, जणू कोणी तिच्या नावाने हाक मारली होती. आईने दुसरं वाचलं. तिसरं मामांच्या वाट्याला आलं, त्यात चिमणीला घर सापडल्याची गोष्ट होती. मामांनी ते पुढचा स्टॉप पुकारावा तसं म्हटलं. चौथं दादाचं. मग सगळ्यांच्या माना सवयीने खाली गेल्या आणि सगळे गप्प झाले.

त्या शांततेत धाकटी पाचवं वचन वाचू लागली.

"आत्या!" ठमी खुर्चीत उभी राहिली. "तो देवाचा नंबर आहे!"

कोणाला काही कळेना.

"कुणाचा?" धाकटीने विचारलं.

"देवाचा. रोज आपण गप्प बसतो ना, तेव्हा देव वाचतो. मनात." ठमीने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "मी एकदा एक डोळा उघडून बघितलं होतं, पान हलतं का. नाही हललं. पण आजीचे ओठ हलत होते."

मामांना हसू आवरेना. ते खोकले, टेबलावर थाप मारली, चष्मा काढून पुसला. "उठव तिला, ठमे. बिनतिकीट बसलीय देवाच्या जागेवर."

"ठमी, खाली बस," दादा म्हणाला. पण हसू त्यालाही आलं होतं. "ते वचन आत्याचं आहे. आत्या तिकडे होती म्हणून आपण सोडत होतो. तुला सांगितलं नव्हतं का?"

"नाही."

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. पहिलीत गेल्यापासून ती शेवटच्या खुर्चीत बसून वाचत होती. तिच्या आधी शांतता असते, हे तिने पंखा फिरतो तसं मान्य केलं होतं.

"मग देव कधी वाचतो?" ठमीने विचारलं.

"देव ऐकतो," आई म्हणाल्या. "तू वाच."

ठमीने सहावं वाचलं, पण तिचं लक्ष नव्हतं. वाचून होताच तिने बोट वचनावर ठेवून पुस्तक मिटलं. "आत्या, तू तिथे आमची वचनं पण वाचायचीस?"

"नाही. फक्त माझं. तुमच्या वेळी गप्प."

"म्हणजे तिथे एवढं सगळं रिकामं? आणि एकच भरलेलं?"

"सुरुवातीला तरी, हो."

"आमच्या उलटं!"

"अगदी उलटं," धाकटी म्हणाली. ही कल्पना तिला स्वतःलाही आत्ताच सुचली असावी, असा तिचा चेहरा झाला.

दादाच्या डोक्यात मात्र काटा हलला होता. "थांब. तू तिथे आमची वचनं सोडत कितव्या वचनावर यायचीस?"

"पाच. मग अकरा. मग सतरा."

"ते बरोबर कसं येईल? तू गेलीस तेव्हा आपण पाच जण होतो. मग बाबा गेले. मग ही आली. मग ठमी वाचायला लागली. खुर्च्या बदलल्या, माणसं बदलली. आपण फोनवर खुर्च्यांबद्दल कधी बोललोच नाही. तू कुठल्या हिशेबाने सहाची फेरी धरलीस?"

"वहिनी आल्या ना. नवा माणूस शेवटी. म्हणून वहिनींना माझ्यानंतर धरलं."

"मग तरी पाचच होतात. आई, मामा, मी, तू, ही."

धाकटीने टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी बाबांना कमी केलं नव्हतं, दादा."

*

धाकटीला आता पुढे सांगावंच लागलं.

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा ती भिंग घासण्याच्या यंत्राशी बसली होती. तिकडच्या मिशनच्या दवाखान्यात ती डोळे तपासायची आणि चष्मे बनवायची. यंत्र बंद करायचं तिला सुचलं नाही. ते भिंग घासून घासून कागदासारखं पातळ झालं. अंत्यविधीला पोचणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी प्रार्थनेला बसली. इथे संध्याकाळ असते तेव्हा तिथे सकाळ, दवाखाना उघडायच्या आधीची वेळ. पहिल्या वचनापाशी तिने बाबांसाठी थांबायचं की पुढे जायचं, हे ठरवायचं होतं. तिने काही ठरवलं नाही. ती थांबली, आणि बाबा वाचण्याआधी घसा खाकरायचे तेवढा वेळही जास्तीचा थांबली. त्यानंतर रोज तेच.

"म्हणजे तू बाबांना धरलंस आणि ठमीला सोडलंस," मामा बोटं मोजत म्हणाले.

"ठमी माझ्या मनात अजून रांगतच होती. ती वाचायला लागली असेल हे लक्षातच आलं नाही."

"एक पॅसेंजर जास्त, एक कमी. बस भरली तेवढीच!" मामांनी हात झटकले. "आणि तुझी सीट पाचवीच्या पाचवी. कंडक्टरला माणसं मोजायला शिकवू नका. हिशेब बरोबर आहे."

"हिशेब बरोबर नाही," दादा म्हणाला. "उत्तर बरोबर आहे. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात तेव्हा काटा शून्यावर येतो. पण म्हणून तो काटा खरा नसतो. आणि ठमी वाचायला लागेपर्यंत ही चुकतच होती. म्हणजे आम्ही इथे गप्प बसायचो दहाव्या वचनाला आणि ही तिथे वाचायची अकरावं."

"मला कधी चुकल्यासारखं वाटलं नाही," आई म्हणाल्या.

धाकटीला आता वहिनीकडे पाहायचं होतं आणि पाहवतही नव्हतं. मघाशी पहिलं वचन कानावर पडलं तेव्हा तिला पहिल्यांदा राग आला होता, अगदी खरा, आपण शांत ठेवलेल्या खोलीत कोणीतरी दिवा लावल्यासारखा. पण वचन संपेस्तोवर राग संपला आणि उरलं ते नवल. एक साधं वाक्य. त्यात आवाज होता. इतकी वर्षं ते वाक्य तिने ऐकलंच नव्हतं.

"वहिनी," ती म्हणाली, "तुम्ही वाचलंत ते मला बरं वाटलं. आधी नाही वाटलं. मग वाटलं."

वहिनीने मान हलवली.

"आत्या, तुला तिथे रडू यायचं?" ठमीने विचारलं.

"ठमी!"

"विचारू दे," धाकटी म्हणाली. "यायचं. पण कधी येईल याचा मला अंदाजच यायचा नाही. मला वाटायचं, आजारी पडले की घर आठवेल. मग ताप आला, चांगला चढला, आणि काही आठवलं नाही. बरी झाले, कपडे धुतले, दोरीवर टॉवेल वाळत घातला. पाहिलं तर एवढ्या लांब दोरीवर टॉवेल एकच. मी तिथेच पायरीवर बसले ते उठेचना."

आईने पदर सारखा केला.

"मग मी शोधच लावायला घेतला, की आठवण नेमकी येते कुठून. फोटो पाहून येत नाही. फोनवर तुमच्याशी बोलून येत नाही, उलट फोनवर बोललं की चार दिवस बरे जातात. पण कोणी न उचलता खुर्ची फरफटवली…" ती मामांकडे पाहून हसली. "मामा, तिकडे एक म्हातारा पेशंट होता. तो खुर्ची ओढायचा तेव्हा मला उठून बाहेर जावं लागायचं."

"माझी आठवण काढायला बाकी काही मिळालं नाही का तुला?" मामा म्हणाले, पण त्यांनी खुर्ची जरा सरळ केली, या वेळी उचलून.

"आणि आता? आलीस ना घरी?" दादाने संधी साधली. "संपलं ना सगळं?"

धाकटी म्हणाली, "काल दुपारी झोपेतून उठले आणि त्यांच्या भाषेत पाणी मागितलं. माझं मलाच कळलं नाही."

"मी दिलं की," आई म्हणाल्या. "तहान कुठल्याही भाषेत कळते."

*

आईंना ठाऊक होतं, की आता मुलगा बोलणार. आणि बोलून झालं की आपल्याकडे पाहणार. त्याने सकाळीच त्यांच्याकडून हो म्हणवून घेतलं होतं.

"हे बघ धाकटे, मी लांबड लावत नाही," दादा म्हणाला. "मध्ये एकदा सुट्टी होती तुला, तेव्हा तिथे बदली माणूस नाही म्हणून तू ती सोडलीस. बाबांच्या वेळी तू नव्हतीस. माझ्या लग्नात नव्हतीस. ठमीने तुला आजवर फोनमध्ये पाहिलं, तळहाताएवढी. आता आईचे गुडघे बघ. चष्म्याच्या एका मोठ्या दुकानात मी तुझ्यासाठी शब्द टाकलाय. डोळे तपासायचंच काम आहे. डोळे काय, इथल्या लोकांनाही असतात. प्रभूचं काम इथे होत नाही का?"

"होतं."

"मग उद्या फोन आला की सांग त्यांना. आता पुरे."

"मामा?" धाकटीने विचारलं.

मामांनी दादाकडे पाहिलं, मग छताकडे. "मी याला शब्द दिलाय की मी याच्या बाजूने बोलेन. तर बोलतो. राहा. झालं माझं बोलून." ते पुढे वाकले. "आता मला सांग, तिथे तू रोज एवढ्या शांततेत एकटीच बसायचीस? वेड नाही लागलं?"

"एकटी नाही, मामा. सुरुवातीला एकटी. मग धुणं धुणारी बाई एक दिवस दारात उभी राहिली. तिने विचारलं, मध्येमध्ये कोणासाठी थांबतेस? मी सांगितलं, इथे माझी आई वाचते. तिचा नवरा गेलेला, मुलं लांब. ती म्हणाली, मग तुझी आई पोचेपर्यंत मी वाचते. तिला अक्षर दिसत नव्हतं. आधी तिला चष्मा करून दिला." धाकटी हसली. "मग एकेक जण येत गेला. दादाचं वचन कंपाउंडर वाचतो, तो पण सगळं मोजूनमापून करतो. वहिनींचं, म्हणजे शेवटचं, वॉचमनची सून. आणि मामांचं आमच्या गाडीचा ड्रायव्हर."

"ड्रायव्हर!" मामा ताठ झाले. "जन्मभर ज्या जमातीशी मी भांडलो, तिच्या हातात माझं वचन दिलंस?"

"चांगलं वाचतो हो."

"ब्रेक मारत वाचत असेल."

ठमी खिदळली. आई हसल्या नाहीत. त्यांच्या मनात ती बाई उभी राहिली होती, नव्या चष्म्यातून आपलं वचन वाचणारी. ती कशी असेल? उंच की बुटकी? वाचताना ओळीवर बोट ठेवत असेल का? आजवर त्यांना वाटायचं, की तिकडे आपली जागा नुसती रिकामी आहे. तिथे कोणीतरी बसलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. आपल्याला मत्सर वाटतोय का, हे त्यांनी क्षणभर तपासून पाहिलं. वाटला नाही. तिच्या गुडघ्यांचं कसं आहे, एवढंच विचारावंसं वाटलं.

"आणि बाबांचं?" त्यांनी विचारलं.

"ते मी कोणाला दिलं नाही. कंपाउंडरने एकदा मागितलं होतं. मी नाही म्हटलं."

"आत्ता काय करत असतील ते लोक?" ठमीने विचारलं. "आत्ता, या मिनिटाला?"

धाकटी घड्याळाकडे पाहणार होती, पण तिने पाहिलं नाही. "बसले असतील," ती म्हणाली. "मी निघताना त्यांना सांगितलं होतं, मी नसताना माझं वचन तुमच्यापैकी कोणीतरी वाचा. तर ती धुणंवाली बाई म्हणाली, ते कसं चालेल? ते रिकामं ठेवायचं असतं, तूच शिकवलंस."

वहिनीने धाकटीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो," वहिनी एकदम म्हणाली. "वन्संना जाऊ द्या."

दादा तिच्याकडे वळला. "तू यात बोलू नकोस. तुला बरंच आहे. ती गेली की तुझी खुर्ची…" तो थांबला, पण थांबायला उशीर झाला होता.

वहिनीच्या तोंडाचा रंग उडाला. ती म्हणाली, "हो. सकाळपर्यंत मला तसंच वाटत होतं. त्या जाव्यात म्हणजे माझी जागा राहील. आत्ता ते कारण नाही. तुम्ही काटे तपासता ना? तपासा. खरं बोलतेय की खोटं."

"दादा," आई म्हणाल्या. त्या मुलाला दादा म्हणायच्या ते फक्त रागावल्यावर. "त्या खुर्चीवर तिला मी बसवलं. कोणी आलं म्हणून नाही आणि कोणी गेलं म्हणून नाही. माफी माग."

"चुकलो," दादा पुटपुटला. मग मोठ्याने, बायकोकडे पाहून म्हणाला, "चुकलो गं." आणि लगेच आईकडे वळला, कारण त्याचा शेवटचा आधार तीच होती. "पण आई, तू तरी सांग. सकाळी तू हो म्हणाली होतीस."

सगळ्यांच्या नजरा आईंकडे लागल्या. धाकटीचीही. लहानपणी शाळेच्या दारात ती अशीच मागे वळून पाहायची. आत जाऊ की नको, असं तिने तेव्हाही कधी विचारलं नव्हतं. आई काय म्हणते एवढंच तिला पाहायचं असायचं.

तिने राहावं, असं आईंना वाटत होतं. वाटत होतं त्यात काही खोटं नव्हतं. मध्यरात्री कूस बदलताना गुडघा कळ देतो तेव्हा पहिलं नाव तिचंच तोंडात येतं, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. आत्ता सांगितलं असतं तर ती राहिली असती. तेवढं वजन आपल्या शब्दाला आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते शब्द पारड्यात टाकायला हात उचलेना.

"स्तोत्र अर्धं राहिलंय," त्या म्हणाल्या. "वचन अर्धवट टाकून उठायची पद्धत नाही आपल्याकडे. आधी ते पुरं करा. फोनचं उद्या."

"आई…"

"पुस्तक उघड."

दादाने उघडलं. ठमीने बोट ठेवलेलं पान सापडलं. वहिनी जागच्या जागी सावरून बसली आणि सातवं वचन तिने वाचलं. या वेळी आवाज बारीक नव्हता. धाकटी डोळे मिटून ऐकत होती. आईंनी आठवं वाचलं, आणि वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं, की आपण नेहमीपेक्षा सावकाश, दुसऱ्या कोणालातरी सोबत घेऊन वाचतोय. मामांनी नववं वाचलं, ब्रेक न मारता. दादाने दहावं वाचलं. ते संपवताना त्याचा आवाज जरा वर गेला. बहिणीच्या हातात काहीतरी द्यावं तसं.

अकरावं.

सगळ्यांच्या माना वर होत्या. सगळे धाकटीकडे पाहत होते. तिचं पुस्तक उघडं होतं, बोट बरोबर अकराव्या वचनावर होतं. तिने श्वास घेतला.

आणि ती गप्प बसली, ती इथे नसताना सगळे बसायचे तशी.

ठमीने तोंड उघडलं. वहिनीने टेबलाखालून तिचा हात धरला. मामांनी चष्मा काढला. आईंचे ओठ हलू लागले होते. रिकाम्या वचनात ते इतकी वर्षं हलत आले होते तसेच. त्यांना ते थांबवता येईना. समोर बसलेल्या मुलीचं वचन त्या तिच्यासमोरच मनात वाचत होत्या, आणि ती ते पाहत होती.

दादाने पहिला श्वास घेतला. दुसरा घेतला. एरवी तो इथेच खूण करायचा. आज त्याने बहिणीच्या बोटाकडे पाहिलं. ते वचनाच्या पहिल्या शब्दापासून निघालं होतं आणि ओळीवरून सावकाश पुढे सरकत होतं. दादाची नजर त्याच्यामागून गेली. ओळ संपली, बोट खालच्या ओळीवर उतरलं. दादा तिथेही गेला. शेवटच्या शब्दाशी बोट थांबलं तेव्हा तोही थांबला, आणि मग बाबा घसा खाकरायचे तेवढा वेळ आणखी.

"हं, ठमे," तो म्हणाला. "तुझा नंबर."